कोरडा आरसा

लिफ्टमध्ये तिने एका अनोळखी मुलाचं नाक चिमटीत धरलं. धरलं म्हणजे काय, हात आपला आपणच गेला. मुलगा आईला शाळेतल्या कुठल्याशा भांडणाचं सांगत होता. त्याचा आवाज कानावर पडला मात्र, तिचा उजवा हात पर्स सोडून वर उठला, अंगठा आणि तर्जनी त्याच्या नाकपुड्यांवर जाऊन बसली आणि ती अगदी मायेने म्हणाली, "आता परत म्हण." त्याच्या आईने आधी त्या हाताकडे पाहिलं, मग हाताच्या मालकिणीकडे. "अहो, काय करताय तुम्ही?" तिने विचारलं. विचारण्यात राग नव्हता, खरोखरच जाणून घ्यायचं होतं, आणि म्हणूनच उत्तर देणं जास्त जड गेलं. "मला वाटलं..." एवढं बोलून ती थांबली. "सर्दी झालीय त्याला," मुलाला जवळ ओढत आई म्हणाली. मजला आला, दार उघडलं, मायलेक बाहेर पडले. बाहेर पडताना मुलाने मागे वळून तिच्याकडे पाहिलं ते मात्र मोठ्या कौतुकाने. तिला उतरायचं होतं तेही त्याच मजल्यावर, पण ती एक मजला वर गेली आणि जिन्याने खाली आली. चिमटीला चिकट लागलं होतं. घरात शिरल्या शिरल्या तिने हात धुतले, पुसले, आणि पुन्हा धुतले.

लाज वाटली ती दुय्यम. लाजेची तिला सवय होती. तिच्या धंद्यात लोकांच्या तोंडासमोर तोंड नेऊन वेडेवाकडे आवाज काढावे लागतात, लाजून कसं चालेल? खरी धास्ती बसली ती वेगळ्याच गोष्टीने. उभा जन्म तिने टाळू फाटलेल्या मुलांना बोलायला शिकवण्यात घालवला होता. टाळू फाटलेली असली की तोंडातली हवा नाकात निसटते आणि सगळं बोलणं नाकातून वाहून जातं. अशा मुलाचं नाक दाबलं की आवाज बदलतो, आणि गळती कुठे आहे ते कळतं. पण सर्दीचा आवाज त्याच्या बरोबर उलटा. तिथे नाक बंद असतं, जिथे हवा जायला हवी तिथेही जात नाही. एक उघडं दार, एक बंद दार. पहिल्या वर्षाची विद्यार्थिनीसुद्धा या दोन्हींत गल्लत करत नाही, केली तर हीच बाई तिला वर्गाबाहेर काढायची. आणि आज हिच्या कानाने केली. हिच्या कानाने, ज्याच्या जिवावर हिने आयुष्यभर मोठमोठ्या सर्जनांना खाली पाहायला लावलं होतं. नवऱ्याला तिने सगळं सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. "नशीब समज, गळा नाही धरलास," तो म्हणाला, आणि मग डोळे पुसत, "पण कान एकदा तपासून घे बरं का. हल्ली आपला टीव्ही शेजारचे ऐकतात." तिला हसू आलं नाही. चार दिवसांनी तिला परदेशी जायचं होतं, मुलांचे ओठ आणि टाळू मोफत शिवून देणाऱ्या पथकाबरोबर, आणि अर्धी भरलेली बॅग पलंगावर आ वासून पडली होती.

बॅगेत कपडे कमी आणि कापूस, कागदाच्या पट्ट्या, पिसं, नळ्या असलं पोरांचं सामान जास्त. वरच्या कप्प्यात बिनदांड्याचा छोटा चपटा आरसा. तो नाकाखाली आडवा धरायचा आणि मुलाला 'पा' म्हणायला लावायचं. आरशावर वाफ धरली की समजायचं, हवा नाकातून पळाली. हा सगळा उद्योग तिने निवडला तो धाकट्या भावापायी. भाऊ फाटक्या टाळूचा जन्मला होता. शिवली उशिरा, आणि शिवल्यावरही तो बोलायचा ते घशातल्या घशात, उचकी लागल्यासारखं. पाण्याला 'आणी' म्हणायचा, पाटीला 'आई'. घरात ते कुणाला कळायचं नाही, आईलासुद्धा अर्धंमुर्धंच; कळायचं ते फक्त हिला. तो बोलायचा आणि ही सांगायची. दुकानात, शाळेत, दवाखान्यात, पाहुण्यांपुढे. भावंडं चालायचीसुद्धा तशीच, तो अर्धं पाऊल मागे आणि ही पुढे. तिच्या बालपणातली सगळ्यांत अभिमानाची आठवण हीच होती, की एका माणसाचं सगळं बोलणं जगात फक्त आपल्याला कळतं. तो भाऊ आता विम्याच्या पॉलिसी विकतो आणि एकदा तोंड उघडलं की समोरच्याला तोंड उघडू देत नाही. दर रविवारी फोन करतो. फोन बाजूला ठेवून भाजी चिरून आलं तरी चालू असतो. बॅगेसमोर उभं राहून तिच्या मनात आलं, पथकाच्या सर्जनला कळवावं की गुडघा दुखतोय, यंदा दुसरी कुणी बघा. फोन हातात घेतलाही. मग तिने तो पलंगावर टाकला आणि बॅगेची चेन ओढली, कारण गुडघा खरोखरच दुखत नव्हता आणि खोटं बोलायचं तर त्यालाही आवाज शाबूत लागतो.

तिथलं हॉस्पिटल लांबलचक होतं. लांब व्हरांडा, कमरेपर्यंत हिरव्या रंगाने रंगवलेल्या भिंती, एकेका खाटेवर दोन दोन मुलं, खाटांखाली डबे, चपला, उशा. पथकाच्या पेट्या अजून उघडायच्या होत्या आणि व्हरांड्यात आईबाप बाकांवर दाटीवाटीने बसून होते, मांडीवरच्या पोरांची तोंडं पदराने, रुमालाने, हाताने झाकून. तिला खोली दिली ती धुतलेल्या चादरींच्या कोठाराची. तिथल्या नर्सने हजारदा माफी मागितली. ही नर्सच तिची दुभाषी होती. दोघींच्याही मोडक्यातोडक्या इंग्रजीवर गाडी चालायची. माफीची काहीच गरज नव्हती. भिंतीला टेकून छतापर्यंत चादरींच्या घड्या रचलेल्या, आणि त्या घड्या बाहेरचा सगळा गलका पिऊन टाकायच्या. खोलीत शब्द टाकला की तो जिथल्या तिथे, स्वच्छ पडायचा. इतकी चांगली खोली तिला घरच्या कॉलेजातही मिळाली नव्हती. दार लावून तिने एकटीनेच 'पा, बा, टा' म्हणून पाहिलं आणि कान टवकारून ऐकलं. ऐकू तर येत होतं. पण आपल्याला ऐकू येतंय की सवयीने ठाऊक आहे, हे कुणाला विचारायचं?

ती मुलगी पहिल्याच दिवशी आली. आठ-नऊ वर्षांची, हातांची घडी घालून, पाठ ताठ. केस कपाळावरून सारखे डोळ्यांवर यायचे आणि ती ते हाताने बाजूला करायची नाही, कारण हातांची घडी मोडायला ती तयार नव्हती. पथकातले भूल देणारे डॉक्टर सगळ्या पोरांना टोपणनावं ठेवायचे. हिचं ठेवलं राणीसरकार. मागल्या वर्षी याच पथकाने तिची टाळू शिवली होती. शिवण उत्तम बसली होती, कुठे भोक नाही, कुठे ओढ नाही. पण वर्ष उलटलं तरी बोलणं जसंच्या तसं. बरोबर बाप होता, टेम्पो चालवणारा, बोलका, सारखा हातवारे करणारा. मुलीची आई दूरच्या शहरात लोकांच्या घरी कामाला होती आणि आठवड्यातून एकदा फोन करायची. फोनवर मुलगी बोलायची, आईला कळायचं नाही, मग बाप फोन घेऊन सांगायचा. "तिला काय म्हणायचंय ते मला आधीच कळतं," तो अभिमानाने म्हणाला. नर्सने ते हिला भाषांतर करून सांगितलं आणि हिच्या छातीत कुठेतरी टोचलं, कशाने ते लगेच लक्षात आलं नाही.

सर्जनने बॅटरीच्या उजेडात घसा पाहिला. हा सर्जन तिच्यापेक्षा वयाने पुष्कळ लहान. शिकाऊ असताना तिच्याच खोलीबाहेर बाकावर डुलक्या घ्यायचा. आता हात सोन्याचा झाला होता आणि डोळ्यांखाली कायमची काळी वर्तुळं. "टाळू आखूड पडतेय," तो म्हणाला. "घशाच्या मागच्या भिंतीची पट्टी काढून टाळूला जोडू. शेवटच्या दिवशी घेऊ हिला." मुलगी त्याच वेळी बापाला काहीतरी म्हणाली, दोनचार शब्द. त्यांची भाषा बाईला कळत नव्हती, एक अक्षरही नाही. म्हणून अर्थ आडवा आला नाही आणि नुसता आवाज तेवढा कानात शिरला. मूळ खोड नाकातून पळणाऱ्या हवेची नव्हती. हवा तोंडापर्यंत येतच नव्हती. मुलगी प्रत्येक अक्षर खाली घशातच तोडत होती, उचकीसारखं. बाईने तोच आवाज आयुष्यात आधी रोज ऐकला होता, आपल्याच घरात, शेजारच्या अंथरुणावरून. "हिला कापू नकोस," ती म्हणाली. सर्जनने मास्क खाली ओढला. "कशावरून मॅडम?" "कानावरून. टाळू चालतेय हिची. वापरायची कशी ते हिला माहीत नाही. ही घशात बोलते. फाटकी होती तेव्हा हवा टिकत नव्हती, म्हणून हिने खाली घशात दुकान थाटलं. आता वर जागा झाली तरी दुकान हलवलेलं नाही. तू पट्टी लावलीस तरी ही घशातच बोलणार, वर रात्रभर घोरणार." नाकातून आत बघायची दुर्बीण यंदा आलीच नव्हती, वाटेत कुठल्यातरी गोदामात अडकली होती, ती असती तर प्रश्न मिनिटात सुटला असता. सर्जनने बॅटरी विझवून खिशात टाकली. "पुढच्या वर्षी आपण या गावात येऊ याची खात्री नाही," तो म्हणाला. "तुमचं चुकलं तर ही अशीच मोठी होईल. पण तुमच्या कानावर माझा विश्वास आहे. शेवटच्या दिवसापर्यंत वेळ घ्या. एकच अक्षर मला नीट काढून दाखवा, आरसा कोरडा ठेवून. नाहीतर मी घेणार." तुमच्या कानावर माझा विश्वास आहे. लिफ्टचं दार पुन्हा एकदा उघडल्यासारखं वाटलं आणि ती चादरींच्या खोलीकडे चालू लागली.

तिथून पुढे नुसती रखडपट्टी. मुलगी हातांची घडी घालून स्टुलावर, बाप भिंतीशी खुर्चीवर, नर्स मध्ये. ही तोंड फुगवून दाखवायची, ओठ मिटून पटकन उघडायची, तळहातावर हवा सोडायची, पिसं उडवायची. मुलगी बघायची, सगळं समजायची, तिचे डोळे तल्लख होते. पण म्हण म्हटलं की घशात खट्ट, टाळू वर उचललीच जायची नाही. आरशावर वाफ. पुन्हा खट्ट, पुन्हा वाफ. आणि मुलीच्या तोंडून काहीही निघालं, अर्धं का होईना, की बाप मागून लगेच नर्सला सांगायचा: तिला तहान लागली, तिला कंटाळा आला, ती म्हणतेय हे पीस छान आहे. नर्स ते हिला सांगायची. मुलीला पाणी मिळायचं, सुट्टी मिळायची, पीस मिळायचं. बाहेर शस्त्रक्रिया धडाधड चालल्या होत्या. रोज सकाळी फाटका ओठ आत जायचा आणि दुपारी आख्खा ओठ बाहेर यायचा, आया रडायच्या, भूलवाले डॉक्टर शीळ घालत फिरायचे. फक्त चादरींच्या खोलीतून रोज रिकाम्या हाती बाहेर पडणारी ही एकटीच. जेवताना सर्जन काही विचारायचा नाही, तेच जास्त लागायचं. ऐकू येणाऱ्या प्रत्येक आवाजावरचा तिचा विश्वास उडाला. नळाची धार, ट्रॉलीची चाकं, चमच्यांचा खणखणाट. प्रत्येक वेळी मनात येई, हे खरंच असंच वाजतंय ना? कदाचित टाळू खरंच आखूड असेल, आणि मी एका पोरीच्या आयुष्यावर माझा हट्ट चालवतेय, कारण तिचा आवाज मला माझ्या घरातल्यासारखा वाटला. कानाला ओळख पटली म्हणजे कान बरोबर, असं कुणी सांगितलंय?

रविवारी भावाचा फोन आला. पॉलिसी, गुडघा, पोरगी, गाडीचा इन्शुरन्स, पॉलिसी. श्वास घ्यायला तो थांबला तेवढ्यात तिने मुलीचं सांगून टाकलं. "तू कसा रे शिकलास?" तिने विचारलं. इतकी वर्षं हे विचारायचं कसं राहिलं कोण जाणे. ती शिकून तयार होईपर्यंत तो आपला आपणच बोलायला लागला होता आणि सगळ्यांनी ते वयाच्या खात्यावर टाकलं होतं. पलीकडे पॉलिसी विसरली गेली. "ताई, रागावणार नसशील तर सांगतो," तो म्हणाला. "तू होतीस तोवर मला गरजच काय होती? मी हूं केलं की तू धावायचीस. तू शिकायला बाहेरगावी गेलीस आणि मी अडकलो. दुकानदार काही देईना. तीन दिवस वहीशिवाय शाळेत गेलो. चौथ्या दिवशी इतका संतापलो की त्याच्या तोंडावर ओरडलो, पाचाची वही दे. आणि त्याने दिली. त्या वहीत मी पुढे काहीच लिहिलं नाही, नुसती घेऊन हिंडत होतो." मग पुन्हा पॉलिसी सुरू झाली. ती फोन कानाशी धरून उभी होती आणि तिला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं ते भलतंच. अंगावरून कुणीतरी जड रजई काढून घ्यावी तसं मोकळं वाटलं. बापाच्या बोलण्यातलं काय टोचलं होतं ते आता कळलं. आणि हेही कळलं की या अवघ्या हॉस्पिटलात त्या पोरीचं बोलणं मुळीच न समजणारं माणूस एकच आहे, आणि ते म्हणजे आपण. घरी, आपल्या भाषेत, मूल अर्धा शब्द बोललं की मन पुढचा अर्धा भरून टाकतं, कान आळसावतो. इथे भरायला काही नव्हतंच. इथे आपला कान जितका खरा आहे तितका तो कधीच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने बापाला आणि नर्सला, दोघांनाही बाहेर जायला सांगितलं. बाप दारात अडला. "मी नसलो तर तिचं कोणाला कळणार?" त्याने नर्सकरवी विचारलं. "कुणालाच नाही," ती म्हणाली. "तेच पाहिजे." दार लागलं. मुलीने पहिल्यांदा जरा घाबरून इकडेतिकडे पाहिलं, मग काहीतरी म्हणाली. ही नुसती बघत राहिली. मुलगी पुन्हा म्हणाली, जोरात. हिने खांदे उडवले, आणि ते नाटक नव्हतं, खरंच काही कळलं नव्हतं. मुलीने पाण्याच्या बाटलीकडे बोट दाखवलं. हिने बाटली उचलून मांडीवर ठेवली आणि स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं. मला ऐकव. मुलीचे डोळे विस्फारले. हा उघड उघड अन्याय होता, आणि तिच्या राज्यात असला अन्याय आजवर कुणी केला नव्हता. ती तोच शब्द तीनदा म्हणाली, चारदा म्हणाली, घशात खट्ट, खट्ट, डोळ्यांत पाणी आलं, पाणी गिळलं, हातांची घडी आणखी घट्ट केली आणि भिंतीकडे तोंड फिरवून बसली. हिचंही रडू फुटायच्या बेतात होतं. उठून बाटली द्यावी, पोरीला जवळ घ्यावं, आणि सर्जनला सांगावं की बाबा, तुझंच खरं. तेवढ्यात मुलीचे केस नेहमीसारखे डोळ्यांवर आले. घडी मोडायची नव्हती. तिने खालचा ओठ पुढे काढला आणि चिडून, कपाळाकडे, एक जोरदार फुंकर मारली. केस उडाले.

ही आपल्या स्टुलावरून अर्धवट उठली. ऐकलं होतं हिने ते. ओठांमागे भरलेली, दाबलेली, आणि एकदम सुटलेली हवा, आणि नाकातून कणभरही नाही. फुंकर म्हणजे बोलणं नव्हे हे तिला पक्कं ठाऊक होतं. नुसत्या फुंकरीवर भाळून फसलेले पुष्कळ लोक तिने पाहिले होते. पण धागा हाताला लागला होता. तिने आपले केस विस्कटून कपाळावर ओढले आणि तशीच फुंकर मारली. मुलीने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. पुन्हा मारली. पिकल्या केसांची एक बाई समोर बसून आपले केस उडवतेय, याला किती वेळ तोंड फिरवणार? मुलीने मारली. हिने मारली. मग हिने फुंकर लहान केली, अगदी हलकी, ओठ मिटून सोडलेली, आणि तिच्या शेपटाला नुसता श्वास जोडला, आवाज नसलेला, कुजबुजता 'हा'. श्वास वाहता राहिला की घशाला मध्येच दार लावता येत नाही, सगळी गोम तिथे होती. मुलीने केलं. ओठ मिटले, सुटले, श्वास वाहिला. कुजबुजता 'फा'. हिने आरसा धरला. "फा," मुलगी कुजबुजली. "फा. फा. पा." आरशात फक्त मुलीची हनुवटी दिसत होती, लख्ख.

शेवटच्या दिवशी मुलगी हिरवा झगा घालून, उपाशीपोटी, ऑपरेशन थिएटरबाहेरच्या खाटेवर बसली होती, कारण सर्जनने यादीतून नाव काढलं नव्हतं आणि हिनेही काढायला सांगितलं नव्हतं. बाप भिंतीला टेकून उभा होता. त्याने बोलायचं नाही असं ठरलं होतं आणि त्यासाठी त्याने दोन्ही हात बगलेत कोंबले होते. सर्जन हात पुसत बाहेर आला. आरसा त्याने स्वतः घेतला, आधी त्यावर तोंडाने श्वास सोडला, वाफ धरतेय याची खात्री केली, कोटाला पुसला आणि मुलीच्या नाकाखाली धरला. मुलीने हिच्याकडे पाहिलं, सर्जनकडे पाहिलं आणि काहीच बोलली नाही. आत कुणीतरी भांड्यांचा ट्रे आपटला. सर्जन वाट पाहत होता, पण त्याची नजर घड्याळाकडे गेलेली हिने पाहिली. हिने काही केलं नाही. खाणाखुणा नाहीत, ओठांचा आकार नाही. पुढे धावायचं नाही हेच तर ती आता, या वयात, शिकत होती. मग मुलीने पाठ आणखी ताठ केली आणि म्हणाली, "पा." कुजबुजून नव्हे, मोठ्याने. "पा, पा, पा, पा," ती म्हणत राहिली, व्हरांड्यातल्या बायका वळून पाहू लागल्या तरी म्हणत राहिली. आरसा कोरडा होता. सर्जनने तो उजेडात तिरपा केला, पुन्हा धरला, पुन्हा पाहिलं. "कान आहे की काय आहे मॅडम तुमचा," तो म्हणाला, आणि आत वळून ओरडला, "हिला जेवायला द्या. पुढचं बाळ आणा." बाकावरची एक आई आपल्या फाटक्या ओठाच्या तान्ह्याला घेऊन धडपडत उठली. ही भिंतीला हात लावून उभी राहिली. तिला गाणं म्हणावंसं वाटलं. गाण्याचं तिला अंग नव्हतं, पण त्या क्षणी कुणी आग्रह केला असता तर तिने ऐकलं नसतं असं नाही.

पथक परत निघालं. पेट्या बांधल्या गेल्या. एका अक्षरावर त्या पोरीला सोडून कसं जायचं, हा प्रश्न सर्जनने विचारण्याआधीच तिने नर्सकडे चादरींची खोली महिनाभर, लागलीच तर आणखी पुढे, मागून ठेवली होती. नवऱ्याला फोन केला. "किती दिवस?" त्याने विचारलं. "तिचं होईपर्यंत." "आणि माझं काय?" "तुमचं बोलणं सगळ्यांना कळतं," ती म्हणाली. "तेच तर दुखणं आहे." तो हसला आणि मग म्हणाला, "अगं, आवाज एकदम तरणा झालाय तुझा." मग 'पा'वरून 'बा', 'बा'वरून 'ता', एकेक अक्षर घशातून उचलून वर आणायचं, ओठांवर, दातांमागे, जिभेच्या शेंड्यावर बसवायचं. अक्षराचा शब्द, शब्दाचं वाक्य. काही दिवस घसरगुंडी, काही दिवस उड्या. मुलगी आता खोलीत येताच पाणी मागायची, तहान नसली तरी. बापाला आत बसायची परवानगी मिळाली, एका अटीवर: मुलीचं वाक्य पूर्ण होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. बिचारा घामाघूम व्हायचा. आईला हाक मारायचा त्यांच्या भाषेतला शब्द मुलीला पहिल्यापासून येत होता, तो नाकातूनच निघणारा होता. बापाला हाक मारायचा शब्द ओठांचा. तो तिने एका सकाळी दारातूनच टाकला, नीट, गोल, आणि टेम्पोवाला तिथेच खाली बसला. वर्षानुवर्षं तिचं सगळं तो बोलला होता, आपली हाक मात्र त्याला कधी ऐकायला मिळाली नव्हती.

आईच्या फोनचा दिवस आला तेव्हा मुलीने बापाचा फोन घ्यायला नकार दिला. नर्सचा मागितला. नर्सने दिला. बापाने नंबर लावून दिला, आणि मुलगी फोन घेऊन चादरींच्या कोपऱ्यात पाठमोरी उभी राहिली. पलीकडून बाईचा आवाज आला. मुलीने हाक मारलीच नाही. ती एक लांब वाक्य म्हणाली, शेवटाला हेल काढून, प्रश्न विचारल्यासारखं. आईने काहीतरी विचारलं. मुलगी पुन्हा तेच वाक्य म्हणाली, सावकाश, एकेक शब्द मोजूनमापून. पलीकडून तुटक उत्तर आलं आणि फोन बंद झाला. मुलगी वळली. तिचा चेहरा असा फुलला होता की हिला काही समजेना. नर्स तोंडावर हात धरून हसत होती. "ती म्हणाली, ताजे बटाटे आणलेत, घ्यायचे का," नर्सने सांगितलं. "आईने विचारलं, कोण बोलतंय. ही म्हणाली, बटाटेवाली. आई म्हणाली, नकोत." हिच्या अंगावर सर्रकन काटा आला. आईने ओळखलं नव्हतं. ज्या आवाजावरून आई लेकीला ओळखायची तो आवाजच आता उरला नव्हता, आणि त्याच आईने, एखाद्या अनोळखी बाईसारखं, कुणाच्याही मदतीशिवाय, या मुलीचं बोलणं ऐकून, समजून, चक्क नकार दिला होता.

मुलीने पुन्हा नंबर लावला, या वेळी स्वतःच. आईचा वैतागलेला आवाज आला तशी ती नाकातला तो जुना शब्द म्हणाली, आई, आणि पाठोपाठ बटाट्यांचं अख्खं वाक्य. मग फोनमधून जो आवाज फुटला तो चादरींनाही पिता आला नाही. हसणं होतं की रडणं ते नर्सलाही सांगता येईना, आणि कुणी विचारलंही नाही. आई भराभरा प्रश्न विचारू लागली, एकावर एक, आणि बाप सवयीने दोन पावलं पुढे आला, हात लांब करून, फोन घ्यायला. मुलीने खांदा वळवून त्याला पाठ दाखवली आणि स्वतःच उत्तर देऊ लागली.